फौजीचा हात

"खालची राहू दे," राजपाल म्हणाला. "पट्ट्याखाली झाकून जाते."

मंजूने तरी ती गुंडी लावलीच. वर्दीच्या गुंड्या कडक, काजं त्याहून कडक. तिची धडधाकट बोटंही दुखून आली. राजपाल खाटेच्या काठावर बसून तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होता. दोन्ही हात मांडीवर उताणे, बोटं अर्धी मिटलेली. सकाळी ती अशीच असायची. ऊन चढलं आणि चार वेळा गरम पाण्यात बुडवली, की जराशी सैल व्हायची. पण जीप आठलाच दाराशी येऊन उभी राहिली होती, आणि बाहेर ताशेवाल्यांनी जाळ करून ताशे शेकायला घेतले होते.

चूक तरी कोणाची म्हणावी? संधिवात आहे, आता नोकरीला चालणार नाही, असं लिहून फौजेच्या डॉक्टरांनी नोकरीच्या अकराव्या वर्षी घरी पाठवलं, हे राजपालने बापाला फोनवर सांगितलं होतं. हरिसिंगला त्यातलं एवढंच उमगलं की नोकरी संपली आणि पेन्शन लागली. म्हणजे रिटायर. रिटायर फौजीला उघड्या जीपमधून वाजतगाजत आणतात, हे जऊळका गावातलं स्वागत सगळ्या तांड्याने मोबाइलवर पाहिलेलं. आणि तांड्यातून फौजेत गेलेला तर हा पहिलाच. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याने शब्द टाकला, दारोदार सडे पडले. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यासुद्धा बांधलेल्या बोचक्यांवर दोन दिवस बसून राहिल्या.

"मामाजीले सांगून टाकू का मी?" बाहेरून सासऱ्याचा आवाज येत होता, तिकडे बघत मंजूने हळूच विचारलं.

"काय सांगशील? तांड्याचा फौजी गुंडी लागत नाही म्हणून वापस आला?"

तिने खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. तेवढ्यात गुलाबी फेटा सावरत हरिसिंग आत आला आणि तिथेच थबकला.

"वा रे गड्या! बायकोकून बूट बांधून घेते. फौजेत असंच शिकवलं का तुले?"

दारातले लोक खो-खो हसले. राजपालही हसला. मंजूने मान वर केली नाही. गाठ मात्र दोनदा मारली.

जीप निघाली. प्रत्येक दारी ओवाळणं, नारळ, आणि मग हात मिळवणं. तांड्यात एरवी कोण कोणाशी हात मिळवतो? रामराम घातला की झालं. पण हा फौजी, आणि फौजीशी हात मिळवायचा तर तो ढिला मिळवून कसं चालेल? जो तो त्याचा हात मुठीत घेऊन करकचून दाबत होता. भरतीसाठी पहाटे सडकेवर पळणारे जवान गडी तर आपली ताकद त्याला दाखवूनच हात सोडत. मागच्या बाकावर मंजू आठ महिन्यांच्या रेणूला घेऊन बसली होती. तिला राजपालचं हसणं दिसत नव्हतं. दर हाताला त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची, तेवढी दिसायची.

चौथ्या घरापाशी ती उठली आणि लेकीला त्याच्या दोन्ही कोपरांच्या मध्ये अलगद ठेवून दिलं.

"धरा हिले. भिऊन राह्यली," सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली.

रेणू कसली भिते. तिने बापाच्या छातीवरचं मेडल तोंडात घातलं. पण आता फौजीचे दोन्ही हात गुंतले होते. माणसं पोरीचा गालगुच्चा घेऊन मागे सरकू लागली, आणि मंजूने श्वास सोडला.

तो तिला पुरता सोडूही दिला नाही नायकाने. चौकात माइक हातात घेऊन त्याने जाहीर करून टाकलं, की उद्यापासून पहाटे पाचला राजपाल आपल्या पोरांना मैदानावर उतरवणार, दोर चढवणार, घरटी एक फौजी निघाला पाहिजे. टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. हरिसिंगने डोळ्याला फेट्याचं टोक लावलं. राजपालच्या पुढे ताशे होते, मागे माणसं, आणि हातात लेकरू. त्याने मान डोलावली.

शेवटचं घर भागिरथा आजीचं. ओवाळायला तिची सून पुढे आली. म्हातारी मागून काठी टेकत आली आणि जीपला लागून उभी राहिली. तिने मेडलं पाहिली नाहीत, पोरीकडेही पाहिलं नाही. पोर बोटांनी न धरता मनगटांवर कशी तोलून धरली आहे, ते ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने हात वर करून त्याच्या हातावर ठेवला. ठेवला नुसता, दाबला नाही. तिची चारही बोटं एका अंगाला कलंडलेली होती, वाऱ्याने ज्वारी आडवी पडावी तशी.

"सकाळच्या पारी जास्त धरतात, नाई?"

ताशांच्या आवाजात ते फक्त राजपालला आणि मागच्या बाकावरच्या मंजूलाच ऐकू आलं. राजपालने एकदा बापाकडे पाहिलं. हरिसिंग पुढे गुलाल उधळत होता.

"हो, आजी."

"माह्ये आता दिवसभर," भागिरथा म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. आपलं घर कोणतं हे वाटसरूला सांगावं, तसं सांगितलं तिने.

ड्रायव्हरने गिअर टाकला. म्हातारीचा पदर डोक्यावरून घसरला. तिने तो मनगटाने वर ढकलला. तो पुन्हा घसरला. जीप वळणावर पोचली तरी राजपाल मान मागे वळवून बघत होता, आणि म्हातारीचं पदर ढकलणं अजून चालूच होतं.