चौथं प्रकरण

अर्जात 'कोणावर संशय आहे का' असा एक रकाना होता. शालिनीने तिथे चिन्मयचं नाव लिहिलं आणि अर्ज गजाननबाबूंच्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, सोचून घ्या हो," गजाननबाबू म्हणाले. कॉलेजच्या कार्यालयात त्यांची तीस वर्षं गेली होती. "एकदा फाइलवर नाव चढलं की उतरत नाही."

"विचार करूनच लिहिलंय."

तिने खरंच पुष्कळ विचार केला होता. कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी विभागप्रमुखांपासून तासावर शिकवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडून लेख मागवले होते. संगणकावर तपासणी झाली, तेव्हा त्यातला एक लेख म्हणजे शालिनीच्या शोधप्रबंधाचं चौथं प्रकरण निघालं. जसंच्या तसं. लेखकाचं नाव मात्र पाकिटात बंद होतं. निवड होईपर्यंत पाकिटं उघडायची नाहीत, हा नियम तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख भालचंद्र पांढरीपांडे सरांनी घालून दिला होता.

त्या प्रकरणावर शालिनीची दोन वर्षं गेली होती. कोलार रोडच्या भाड्याच्या घरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत तिने ते लिहिलं होतं. विषय होता राग आणि न्याय. न्याय करणाऱ्याने राग बाजूला ठेवावा, असं रोमन विचारवंत सांगून गेले. शालिनीचं म्हणणं होतं की ज्याचा विश्वासघात झाला त्याचा राग हा काही आजार नव्हे. अन्याय झाला हे सगळ्यात आधी त्या रागालाच कळतं. पुढच्या महिन्यात पक्क्या नोकरीची मुलाखत होती आणि दाखवायला तिच्यापाशी एवढं एकच होतं. प्रबंध कोण उघडून बघतो? ग्रंथ सगळे बघतात. त्यात तो लेख दुसऱ्याच्या नावाने छापून आला असता, तर चोर तीच ठरली असती.

मार्गदर्शकांखेरीज प्रबंधाची प्रत तिने एकट्या चिन्मयला वाचायला दिली होती. चिन्मय शेजारच्या वर्गात शिकवायचा, दुपारी तिच्या डब्यातली भाजी हक्काने उचलायचा. प्रत परत करताना म्हणाला होता, "चौथं प्रकरण मी लिहायला हवं होतं, यार!" तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता. आता ते आठवून अंगाची लाहीलाही होत होती.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. सर तिचे मार्गदर्शक. प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणावर त्यांनी 'उत्तम' असा शेरा मारून सही केली होती. आत अमृता, सरांचं लिखाणाचं काम बघणारी त्यांची सध्याची संशोधक विद्यार्थिनी, एकेक कागद पुढे सरकवत होती आणि सर बोलता बोलता सह्या ठोकत होते.

"बस, शालिनी. कळलं मला. चौकशी समितीवर मीच आहे." एवढ्याशा कॉलेजात समितीवर दुसरं असणार तरी कोण!

"सर, मला फार राग आलाय."

"येणारच. पण राग तू सांभाळ, न्याय माझ्यावर सोड." सरांनी पेन खाली ठेवलं. "मजकूर आधी वाचायचा, निकाल लिहायचा आणि मगच पाकीट उघडायचं. माणूस दिसला की एक तर दया येते, नाही तर चीड. जुन्या लोकांनी हे दोन हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं."

शालिनीला भरून आलं. निदान एक माणूस तरी आपल्या बाजूचा आहे, असं तिला वाटलं.

गुरुवारी दुपारी समिती बसली. मधे सर, एका बाजूला प्राचार्या वंदना मॅडम, कोपऱ्यात गजाननबाबू. अर्जात नाव असल्यामुळे चिन्मयलाही बोलावलं होतं.

"मी ग्रंथासाठी लेखच दिलेला नाही, सर," तो म्हणाला. मग शालिनीकडे वळला. "तू मला आधी विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

त्याने मान खाली घातली. शालिनीला ती कबुलीच वाटली.

सरांनी दोन्ही मजकूर पुढे ओढले. "हे दोन्ही मी शेजारी ठेवून वाचले. प्रकरण फार सुंदर आहे, शालिनी. मी थक्क झालो. आणि हा लेख! स्वल्पविरामसुद्धा तेच. पठ्ठ्याने स्वतःचं एक वाक्य घालायची तसदी घेतलेली नाही. चोरी करायची, तीही आळसाने!" त्यांचा आवाज चढला. "असल्या माणसाला वर्गात पाऊल ठेवायचा अधिकार नाही."

"सर, राग," प्राचार्या हळूच म्हणाल्या.

सर हसले, घोटभर पाणी प्यायले आणि शांतपणे निकाल लिहू लागले. लेखकाने भर सभेत शालिनीची माफी मागावी. तीन वर्षं त्याचं काहीही छापलं जाऊ नये. त्याचं आजवरचं सगळं लेखन तपासलं जावं. खाली त्यांनी आणि प्राचार्यांनी सह्या केल्या. चिन्मयकडे बघायचं नाही असं शालिनीने ठरवलं होतं, तरी तिने बघितलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

गजाननबाबूंनी पाकीट फोडलं. आतली चिठ्ठी वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि सरांपुढे सरकवली.

सरांनी ती वाचली. मग लेख उचलून त्याचं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती की लपवाछपवी नव्हती. ते मनापासून गोंधळले होते.

"गजाननबाबू," त्यांनी विचारलं, "हा लेख माझा आहे?"