शेजारची चटई

“एका बाईला दोन चटया कशाला लागतात म्हणते मी!” योगवर्गाच्या दाराशी अंग चोरून बसलेली नवी बाई कुजबुजली. दोन्ही चटया पसरून बसलेल्या मावशींना ते स्वच्छ ऐकू आलं. बाकीचे आपापल्या पायांची बोटं न्याहाळू लागले. डॉक्टरांनी मावशींना बजावलं होतं, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, जोडीला योगासनं करायची. सोबत म्हणून काकाही यायचे आणि शवासनात खुशाल घोरायचे. मावशी मिटल्या डोळ्यांनी त्यांना पायानं ढोसायच्या. आजही शवासनात पाय सवयीनं शेजारच्या चटईवर गेला. ती गार लागली. “श्वास सोडून द्या,” शिक्षिका म्हणाली. मावशींना तो सोडवेना. गोळ्या घेऊनही हल्ली दाब का चढतो, हे कुणीच विचारत नव्हतं. त्या उठून बसल्या, दाराशी बसलेल्या नव्या बाईकडे वळल्या. “या हो, इथे आडव्या व्हा. घोरलात तर ढोसेन. आमचे हे गेले, आता यायचे नाहीत.”