इद्रीसभाईंचा अंगठा

आखातात, अर्दियातल्या केटरिंग कंपनीत नवा नियम आला. माणूस कायद्यानं कामाला चालतो की नाही, हे दर महिन्याला मशीनवर अंगठा लावून तपासायचं, मगच त्याला कामावर ठेवायचं. खुर्चीत बसणारे सगळे पहिल्याच दमात पास झाले. वर्षानुवर्षं बिर्याणीच्या डेगी घासणाऱ्या इद्रीसभाईंचा अंगठा मात्र मशीनला दिसेचना.

"रेघाच उरल्या नाहीत हो तुमच्या," एचआरच्या अर्चना मॅडम म्हणाल्या.

"साबणानं खाल्ल्या. साबण कंपनीचाच."

"महिनाभर भांड्यांना हात लावू नका. कातडी भरून येईल."

"आणि पगार?"

"काम नाही, तर पगार कसला, भाई?"

इद्रीसभाई महिनाभर अबू हलीफा भागातल्या आपल्या खोलीवर हातांना खोबरेल चोळत बसले. मग आले, अंगठा टेकवला, आणि मशीनवर हिरवा दिवा लागला : कामासाठी योग्य.

"उद्यापासून येऊ ना?"

मॅडमनी नजर स्क्रीनवरच ठेवली. "तुमच्या जागी यासिर म्हणून नवा पोरगा घेतलाय. भांडी काय कुणासाठी थांबतात? आणि त्याचा अंगठा मशीननं लगेच ओळखला."

"ओळखणारच. त्यानं आजवर कधी चमचा तरी घासलाय?"

इद्रीसभाईंनी दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले.

"आता इथं कशाला बसताय?"

"साबण तोच आहे ना, मॅडम? मग पुढच्या तपासणीला तुम्हाला मीच लागणार."