मूळपदावर

"आई, परत एकच चप्पल?" सूनबाईने विचारलं.

"एकाच पायाला घाम येतो माझ्या, त्याला मी काय करू?" सासूबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. "गप्प बस आता. ह्यांची वेळ झाली."

साडेसहा वाजले. टेबलाखालच्या काळ्या डब्यात पंखा घुरघुरू लागला. थोड्या वेळाने स्क्रीन उजळला आणि त्यावर सासऱ्यांचा फोटो आला. खांद्यावर चार-पाच वर्षांचा मुलगा, आणि दोघंही तोंडभर हसताहेत. सासऱ्यांना जाऊन चार महिने झाले होते, आणि कीबोर्डला कुणाचं बोटसुद्धा लागलं नव्हतं.

फोटोतला मुलगा आता दारात उभा होता. चाळिशीला टेकलेला, ऑफिसची बॅग अजून खांद्यावरच.

"बाबा, आलो हं," तो म्हणाला.

सासरे होते तेव्हा साडेसहाला फिरून येत आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसत. गेल्यावरही त्यांनी वेळ मोडली नाही, असं आता सगळा मजला म्हणत होता. शेजारीण तर एकदा स्वतः बघून गेली आणि दोन दिवस तिला घास गेला नाही. मध्ये एकदाच खाडा पडला. सासूबाई तापाने फणफणून आतल्या खोलीत पडल्या होत्या, त्या दिवशी कॉम्प्युटर लागलाच नाही. "बघा! ती समोर नाही म्हटल्यावर आलेच नाहीत," शेजारीण म्हणाली. सूनबाई म्हणाली, वीज गेली असेल.

सूनबाईचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तिने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, तर तो खो खो हसला.

"अहो ताई, भूतबीत काही नाही. कॉम्प्युटर चालू केला की आधी बायोस, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, जागं होतं. रोज अमुक वाजता आपोआप चालू हो, असं त्याला सांगून ठेवता येतं. तुमच्या सासऱ्यांनी सांगून ठेवलं असणार. बायोस डीफॉल्टवर टाका, सगळं मूळपदावर येईल. फोटोबिटो जागच्या जागी राहतात."

एरवी तिने हे ऐकून सोडून दिलं असतं. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा, कुणाचं काय जातं? पण सासूबाईंच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, ह्याच महिन्यात ऑपरेशन करून घ्या. आठ-दहा दिवस दवाखान्यात राहायचं, एवढंच. आणि सासूबाई हटून बसल्या होत्या.

"साडेसहाला मी इथे नसले तर कसं व्हायचं? मी नाही जायची."

मुलगा हातापाया पडला. सासूबाई ढिम्म हलल्या नाहीत.

म्हणून त्या दुपारी, सासूबाईंचा डोळा लागल्यावर, सूनबाई कॉम्प्युटरसमोर बसली. बटण दाबलं, कॉम्प्युटरवाल्याने सांगितली ती की टकटक दाबत राहिली, आणि निळ्या स्क्रीनवर ओळींवर ओळी आल्या. वेळेची ओळ कुठे शोधत बसणार? आतून सासूबाई खोकल्या. ती थेट डीफॉल्टच्या ओळीवर गेली. नक्की ना, असं यंत्राने विचारलं.

तिला रडू फुटलं. जिवंत माणसाला बाहेर काढून दार लावून घ्यावं, तसं वाटलं तिला.

"माफ करा, बाबा," ती म्हणाली आणि तिने 'हो' दाबलं. मग कॉम्प्युटर नीट बंद केला, खुर्ची होती तशी लावली आणि संध्याकाळची वाट बघत राहिली.

सव्वासहाला सासूबाई येऊन बसल्या. उजवी चप्पल बाजूला पडलेली. आता ही म्हातारी त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसणार, आणि ते आपल्याला बघावं लागणार. मुलगा दारात येऊन थांबला.

साडेसहा वाजले.

पंखा घुरघुरला. स्क्रीन उजळला. खांद्यावर मुलगा घेऊन सासरे हसत होते.

सूनबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने टेबलाची कड घट्ट धरली. आपल्या हातांनी पुसून टाकलं होतं सगळं, आणि तरी हा माणूस आला होता, त्याच वेळेला. आजवर आपण हसलो, देवा! तिचे हात नकळत जोडले गेले.

"बाबा," मुलगा दारातूनच बोलला, "तुम्ही तरी सांगा ना आईला. ऑपरेशनला हो म्हण म्हणावं. तुम्ही गेलात तेव्हा आपण बोलतसुद्धा नव्हतो. आता हीपण गेली तर..." तो तोंड धुवायला आत गेला.

सासूबाईंनी तो गेला त्या दाराकडे बघितलं.

"सहा वर्षं अबोला धरला होता गं बापलेकांनी. कॉम्प्युटर लावला की हाच फोटो समोर यावा, असं करून ठेवून बाप रोज बघत बसायचा, आणि ह्याला पत्ता नव्हता. बाप झोपल्याशिवाय हा घरी यायचा नाही. आणि आता बघ, कसा धावत येतो."

सूनबाईने डोळे पुसले.

"जाते मी ऑपरेशनला," सासूबाई म्हणाल्या. "पण मी नसेन तेव्हा ह्या खुर्चीत तू बसायचंस. रोज."

"बसेन ना, आई. पण ते तुमच्यासाठी येतात. मी बसून काय होणार?"

सासूबाई उघड्या पायाने टेबलाखाली आपली चप्पल चाचपत होत्या.

"काही अवघड नाही. घड्याळावर नजर ठेवायची आणि उजव्या पायाचा अंगठा त्या डब्याच्या बटणावर. फक्त चप्पल काढून ठेव, नाहीतर नीट दाबलं जात नाही."