जांभळा उजेड

लग्नाआधीच्या संगीताच्या संध्याकाळी हॉलच्या आरशात शाल्मलीने पुढचे दात पुन्हा एकदा न्याहाळले. कॉलेजात असताना ती स्कूटीवरून पडली, तेव्हा चार नकली दातांचा ब्रिज बसवला होता. रंग इतका जुळलेला की सासरी कुणाला कळलं नव्हतं. आईने बजावलंच होतं, "लग्न होईपर्यंत बोलायचं नाही."

"वहिनी, तुमचं हसू छान आहे हं," होणारी नणंद कृतिका मागून म्हणाली. "जरा जास्तच छान."

कृतिका दातांची डॉक्टर होती.

नाच रंगात आला तशी ती डीजेपाशी गेली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. पांढरे दिवे विझले, जांभळे अल्ट्राव्हायोलेट दिवे लागले. सगळ्यांचे सदरे आणि दात निळसर चमकू लागले. शाल्मलीचेही खरे दात चमकले. ब्रिजचं जुनं सिरॅमिक मात्र त्या उजेडात चमकत नाही. तिच्या तोंडात मधोमध काळं भगदाड दिसत होतं.

समोरचे हसताहेत हे पाहून ती नाचता नाचता आणखी हसली.

"अगं बाई, हिचे पुढचे दात कुठे गेले?" सासूबाईंनी विचारलं.

"होते कुठे, आई? मी म्हणत नव्हते?" कृतिका म्हणाली.

शाल्मलीने तोंडावर हात दाबला. निहार, तिचा होणारा नवरा, गर्दीतून वाट काढत जवळ आला. आता हा आपल्याला बाहेर नेईल, असं तिला वाटलं. त्याने हळुवारपणे तिचा हात बाजूला केला आणि मोबाइल वर धरला.

"परत एकदा हस ना," तो म्हणाला. "मघाचा फोटो हलला."