दुसरा कॅमेरा

“काका, बोला ना. पहिला की दुसरा?” हर्षदने तिसऱ्यांदा विचारलं.

हिम्मतरावांच्या समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकाच धोंड्याचे दोन फोटो होते. मुंबईच्या डीलरने मीडियम फॉरमॅटचे, बारीकसारीक टिपणारे दोन डिजिटल कॅमेरे दोन दिवसांसाठी पाठवले होते. हिम्मतरावांनी सकाळी ते एकाच जागी ट्रायपॉडवर लावून पाहिले होते. पहिला शहाण्या मुलासारखा, सांगितलेलं भराभर ऐकणारा. दुसरा जड, हेकट. एका फोटोला दहा मिनिटं खाणारा.

हर्षद पुण्याचा. माधापूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं बांधकामाचं खातं त्याच्याकडे होतं. कंपनीने नानकरामगुड्याला जागा घेतली होती आणि जागेच्या मधोमध एकावर एक असे तीन प्रचंड धोंडे उभे होते. वरचा असा काही तोललेला, की खालून जाणाऱ्याने आपोआप मान आखडून घ्यावी. हर्षदने फोनवर सांगितलं होतं, “मोठ्या साहेबांना हे धोंडे नीट बघायचेत, काका. फोटोवरच निर्णय होणार आहे. कॅमेरा कंपनी घेईल, पण निवडायचा तुम्ही. आणि फोटोही तुम्हीच काढायचे.”

हिम्मतरावांना एवढं पुरे झालं. चाळीस वर्षं त्यांनी अफझलगंजच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले, आणि दर रविवारी बारा फोटोंचा रोल घालून शहराबाहेरच्या धोंड्यांचे. मग सॉफ्टवेअर आलं आणि शहर त्या धोंड्यांवर चाल करून गेलं. दहा वर्षांत त्यांच्या अल्बममधली एकेक टेकडी सुरुंगाने उडाली आणि तिथे काचेची इमारत उभी राहिली. त्यांच्या जीवाभावाचे असे हे तीनच उरले होते. हे तरी वाचावेत, मग आपण मेलो तरी हरकत नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

“वाचवतो म्हणून साहेब बोलले, का तुम्हीच समजून घेतलं?” आदल्या दिवशी चहा देताना चतुराबाईंनी विचारलं होतं.

“हौ, सगळंच बोलून दाखवतात का माणसं?” हिम्मतराव भडकले होते. “ज्याला फोडायचंय तो एवढा भारी फोटो कायको काढून घेईल? नक्को तिथं डोकं लावू नको.”

चतुराबाई कप उचलून आत गेल्या. वादात बायकोला गप्प करणं हिम्मतरावांना छान जमायचं.

हर्षदने घड्याळ पाहिलं. “मला विचाराल तर पहिलाच घेऊ. हलका आहे. आणि फोटो तर दोन्ही सारखेच दिसतायत.”

“सारखे?” हिम्मतरावांनी माऊस ओढून घेतला. दोन्ही फोटो ते मोठे मोठे करत गेले. पहिल्यात वरच्या धोंड्याचं पोट राखाडी पिठासारखं झालं. दुसऱ्यात दगडाचा कण न् कण शाबूत होता. गुलाबी, काळा, मधेच चमकणारा. मुंग्यांची एक रांग दिसली. तिच्या बाजूने केसाएवढी एक चीर पार मागे वळून गेलेली दिसली. चाळीस वर्षांत त्यांनी या धोंड्याला इतकं जवळून कधी पाहिलं नव्हतं. वर चढायची कुणाची छातीच नव्हती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“दुसरा घ्या, साहेब,” ते म्हणाले. “त्याच्यात नुसता दगड दिसतो. याच्यात त्याचा जीव दिसतो. हा बघितला की मोठ्या साहेबांचा निर्णय झालाच समजा.”

“ठीक आहे. तुमचा शब्द शेवटचा,” हर्षद म्हणाला आणि त्याने डीलरला फोन लावला.

नवा कॅमेरा आल्यावर हिम्मतरावांनी चार दिवस खपून चारी बाजूंनी फोटो काढले. आठवड्याने कंपनीतून बोलावणं आलं. इस्त्रीचा सदरा घालून ते गेले. लांबलचक टेबलावर पुरुषभर उंचीचे चार फोटो पसरले होते. मोठे साहेब उठून आले, हिम्मतरावांचा हात हातात घेऊन म्हणाले की असे फोटो त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. हिम्मतरावांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मग त्यांना टेबलाच्या टोकाशी वाकलेला माणूस दिसला. त्याच्या हातात तांबडी पेन्सिल होती आणि तो फोटोवर फुल्या मारत होता.

“हा कोण?”

“येल्लय्या. आमचा सुरुंगवाला,” हर्षद म्हणाला.

येल्लय्याने मान वर केली. त्याचा चेहरा कौतुकाने फुलला होता. “क्या फोटो निकाले, सार! ये पैले मिलता तो कबका फोड देता था मैं.”

हिम्मतराव हर्षदकडे वळले. “फोडायचेत?”

“म्हणजे काय, काका?” हर्षद गोंधळला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, “जागेला लागूनच काचेची इमारत आहे ना, म्हणून येल्लय्या हात लावायला तयार नव्हता. चिरा कुठून कुठे गेल्यात ते कळलं तरच सुरुंगाच्या थोड्या दारूत काम होतं. आणि वर चढणार कोण? आधी दोघांकडून फोटो काढून घेतले, त्यात एक चीर दिसेल तर शपथ. तुमचे फोटो हाच शेवटचा प्रयत्न होता.”

त्याने हिम्मतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला खरंच कृतज्ञ वाटत होतं.

“तुम्ही त्या दिवशी माझं ऐकून पहिला कॅमेरा घेतला असता ना, तर धोंडे तसेच ठेवून भोवती बाग करायची, असं साहेबांनी ठरवलंच होतं.”