जळका वास

वोल्देआबनं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. चर्चमधून निघालेली वरात अस्मराच्या मोठ्या रस्त्याला लागली होती. ताडांच्या सावलीतल्या कॉफीच्या दुकानांतून माणसं उठून उभी राहत होती. ती नवरानवरीला बघत होती हे खरं, पण आधी गाडी बघत होती. वोल्देआबच्या बापानं घेतलेली इटालियन मोटार, पिस्त्याच्या रंगाची, आरशासारखी पुसलेली.

"आबोय," मागून नवी सून म्हणाली, "काहीतरी जळतंय."

झुफान तिचं नाव. सासऱ्याला बाप म्हणून तिनं मारलेली ही पहिलीच हाक.

"धूप असेल," वोल्देआब म्हणाला. "तुझ्या सासूनं पहाटेपासून घरभर फिरवलाय. माझ्या कोटालासुद्धा येतोय."

"धुपाचा वास असा नसतो."

"मग पुढच्या बसचा धूर असेल."

हाब्तोम, त्याचा मुलगा, बायकोच्या कानाशी लागला. पण हॉर्नच्या आवाजात कुजबुजायचं तर ओरडावंच लागत होतं, ते वोल्देआबलाही ऐकू आलं. "आजचा दिवस तरी गप्प बस ना. आबोयना उलट बोललेलं खपत नाही. आमच्याकडं कुणीच बोलत नाही."

एरवी हे ऐकून वोल्देआबला बरंच वाटलं असतं. आज वाटलं नाही, कारण वास त्यालाही येत होता. लग्नासाठी म्हणून त्यानं मोठ्या आवाजाचा नवा हॉर्न बसवला होता. गाडीतल्या वायरी मात्र जुन्याच, त्यांच्यावरचं कापड हात लावला की भुगा होऊन खाली पडायचं. सकाळी हॉर्न वाजवून बघितला तर फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. दारात पाहुणे उभे, ढोल सुरू झालेले. त्यानं तांब्याची तार दुमडून फ्यूजच्या जागी खोचली. हॉर्न खणखणीत वाजला. त्यानं हात झटकले आणि कोट चढवला.

"आबोय, त्या काट्याच्या मागून धूर येतोय. गाडी थांबवा."

वोल्देआबनं खाली पाहिलं. वेग दाखवणाऱ्या काट्यामागून निळसर रेघ वर येत होती. समोर, बागेच्या दाराशी, फोटोवाला कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून उभा होता. तिथवर जाऊ, एवढंच, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं हॉर्नवरचा हात उचलला.

हॉर्न वाजतच राहिला.

त्यानं बटणावर बुक्की मारली, गाडी थांबवली, चावी फिरवून इंजिन बंद केलं. हॉर्न थांबेना. मागच्या गाड्यांना वाटलं म्हातारा आज भलताच रंगात आलाय. त्यांनीही आपापले हॉर्न धरले. बायकांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी उठवली.

"उतरा! दोघं आधी खाली उतरा!"

झुफानचा झगा दारात अडकला. तिनं तो स्वतःच टराटरा फाडला आणि बाहेर आली. वोल्देआबनं बॉनेट उघडलं. बॅटरीची पट्टी गच्च आवळलेली, बोटांनी हलेना.

"पाना?" झुफाननं विचारलं.

"माझ्या सीटखाली."

हाब्तोम जागचा हलायच्या आत ती धुरात वाकली आणि पाना घेऊन आली. वोल्देआबनं तो नटाला लावला. नट दोनदा निसटला, मग सैल पडला. त्यानं पट्टी उपसून बाजूला ओढली आणि हॉर्न एकदम बंद झाला. मागच्या गाड्याही एकेक करून गप्प झाल्या.

आतल्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यांचा एकच काळा दोर झाला होता. तिथून वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी होती. वोल्देआब त्या नळीकडं बघत राहिला. मग फुटपाथच्या कडेला जाऊन बसला.

"काय झालं, आबोय?" हाब्तोमनं विचारलं.

"फ्यूज टिकत नव्हता. मी तार घातली." मग त्यानं विचारलं, "तुला नाही आला वास?"

हाब्तोमनं नव्या बुटांकडं पाहिलं. "आला होता. चर्चपासूनच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार?"

तो हे रागानं म्हणाला नाही. पाऊस पडतोय म्हणावं तितक्या साधेपणानं म्हणाला.

पोलीस शिट्टी फुंकत आला. रस्ता तुंबला होता, गाडी कडेला घ्या म्हणाला. हाब्तोमचे चुलतभाऊ बाह्या सावरत पुढं झाले.

"मी स्टीअरिंगचं चाक धरतो," हाब्तोम म्हणाला.

"तू मागून ढकल," वोल्देआब उठत म्हणाला. "चाकावर झुफान बसेल."

"तिला कुठं गाडी येते?"

"वास तुलाही आला होता आणि मलाही. बोलली ती एकटीच."

झुफाननं फाटका झगा गोळा करून मांडीवर घेतला आणि चाकामागं बसली. मागं पोरांच्या रांगेत वोल्देआबनं दोन्ही तळवे गाडीला टेकले. गाडी तसूभर हलली आणि थांबली.

खिडकीतून झुफानचं डोकं बाहेर आलं. "आबोय, तुम्ही जरा डावीकडून लावा जोर."

वोल्देआब डावीकडं सरकला. त्यानं मान खाली घालून खांदा लावला.